प्रतिस्पर्ध्याचा ताळेबंद : मँचेस्टरमधील दोन फुटबॉल क्लबांचे अर्थकारण आणि चाहत्यांमधील वाद

प्रस्तावना

खेळाचा इतिहास बहुधा सामने, खेळाडू आणि विजेतेपदे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. इंग्लंडमधील फुटबॉलला मात्र आणखी एक इतिहास आहे आणि तो मैदानाबाहेर घडलेला आहे. प्रतिस्पर्धी क्लबाकडे पैसा कोठून आला, तो कोणी दिला आणि तो त्या क्लबाने खरोखर कमावला आहे काय, हे प्रश्न तेथील चाहते सुमारे एकशे चाळीस वर्षे एकमेकांना विचारीत आले आहेत. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या वादाने विशेष तीव्र रूप धारण केले. प्रायोजकत्वाचे करार, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, कर्जावरील व्याज हे एरवी लेखापालांच्या कचेरीतील विषय. ते मँचेस्टरमधील सर्वसामान्य प्रेक्षकाच्या नित्य संभाषणाचा भाग बनले.

ही घटना केवळ क्रीडाशौकिनांची हमरीतुमरी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. सामान्य माणसाने एखाद्या संस्थेचे हिशेब वाचावेत, त्यांवर शंका घ्यावी आणि त्याबाबत सार्वजनिक चर्चा करावी, हे समाजशास्त्राच्या व आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. परंतु हा माणूस स्वतःच्या क्लबाचे हिशेब सोडून आधी शेजाऱ्याचे हिशेब उघडतो, ही बाबही तितकीच लक्षणीय आहे. या विसंगतीचा ऐतिहासिक शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) इंग्लिश फुटबॉलमध्ये क्लबाच्या उत्पन्नाच्या ‘वैधते’विषयीचा वाद कसा निर्माण झाला, याचा मागोवा घेणे.
२) मँचेस्टर युनायटेड व मँचेस्टर सिटी या दोन क्लबांच्या संदर्भात त्या वादाचे बदलते स्वरूप तपासणे.
३) चाहत्यांच्या या वादातून प्रत्यक्ष बदल केव्हा घडला व केव्हा घडला नाही, याचे विवेचन करणे.

मँचेस्टर हे शहर येथे मुख्य उदाहरण म्हणून निवडले आहे. एकाच शहरातील दोन क्लब, त्यांच्या समृद्धीच्या व दैन्याच्या आलटूनपालटून आलेल्या अवस्था आणि दोन्ही क्लबांचे प्रसिद्ध झालेले जमाखर्च यांमुळे तुलना सुकर होते. निबंधातील आकडे क्लबांच्या प्रकाशित हिशेबांवर व सर्वत्र नोंदल्या गेलेल्या माहितीवर आधारित आहेत.

वादाचा उगम : प्रेस्टनची तक्रार

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ मध्ये झाली. प्रारंभी खेळ हौशी असावा, खेळाडूने मोबदला घेऊ नये, असा दंडक होता. खासगी शाळांतून शिकलेल्या सुखवस्तू वर्गाला तो परवडणारा होता. लँकेशायरमधील गिरणी कामगाराला मात्र सामन्यासाठी कामावर खाडा केला की त्या दिवसाची मजुरी गमवावी लागे. त्यामुळे उत्तरेकडील क्लब खेळाडूंना गुपचूप पैसे देऊ लागले.

जानेवारी १८८४ मध्ये एफए चषक स्पर्धेत प्रेस्टन नॉर्थ एंड या लँकेशायरच्या क्लबाचा सामना लंडनच्या अप्टन पार्क या हौशी क्लबाशी बरोबरीत सुटला. अप्टन पार्कने प्रेस्टनविरुद्ध तक्रार नोंदविली. प्रेस्टन आपल्या खेळाडूंना पैसे देते, असा आरोप होता. प्रेस्टनचे प्रमुख विल्यम सडेल यांनी तो नाकारला नाही आणि प्रेस्टनला स्पर्धेतून बाद करण्यात आले. या प्रकरणाने पेटलेल्या संघर्षाची परिणती म्हणून जुलै १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली.

या प्रसंगाची एक उत्तरकथा उद्‌बोधक आहे. सडेल हे एका कापडगिरणीचे व्यवस्थापक होते. १८९५ मध्ये गिरणीच्या पैशाचा अपहार केल्याबद्दल त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. ज्या प्रेस्टनने १८८८-८९ च्या पहिल्या लीग स्पर्धेत एकही सामना न गमावता विजेतेपद मिळविले, त्या संघावर खर्च झालेल्या पैशांपैकी काही पैसा क्लबाचा नव्हताच, तो गिरणीचा होता. ‘हा पैसा यांचा आहे काय?’ हा प्रश्न इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलइतकाच जुना आहे आणि तो नेहमीच द्वेषमूलक नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

नियमनाची चौकट : लाभांश, वेतन आणि वाटणी

व्यावसायिकता मान्य झाल्यानंतर क्लब मर्यादित कंपन्यांच्या स्वरूपात नोंदले जाऊ लागले. क्लब ही नफा कमावण्याची दुकाने होऊ नयेत म्हणून फुटबॉल असोसिएशनने काही निर्बंध घातले. भागधारकांना द्यावयाच्या लाभांशावर प्रारंभी पाच टक्क्यांची मर्यादा होती आणि संचालकांनी मानधन घेऊ नये असा नियम होता. १९०१ मध्ये खेळाडूंच्या वेतनावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा आली. पुढे दीर्घकाळ यजमान क्लबाच्या तिकीट-उत्पन्नातील काही वाटा पाहुण्या क्लबाला मिळत असे.

या तीन नियमांमागे एक समान विचार होता. क्लबांमध्ये स्पर्धा असावी, परंतु एका क्लबाच्या संपत्तीने इतरांचे अस्तित्वच संपुष्टात येऊ नये. साहजिकच वाद उत्पन्नाविषयी कमी आणि नियमभंगाविषयी अधिक होत असे. शेजारचा क्लब चार पौंडांहून अधिक देतो काय, हा त्या काळातला कळीचा प्रश्न होता.

१९०६ : सिटीचा दंड, युनायटेडचा लाभ

या प्रश्नाचे सर्वांत नाट्यमय उत्तर मँचेस्टरमध्येच मिळाले. मँचेस्टर सिटीने १९०४ मध्ये एफए चषक जिंकला होता. बिली मेरेडिथ हा त्या संघाचा सर्वांत लोकप्रिय खेळाडू. १९०५ मध्ये प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूला लाच देऊ केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर बंदी आली. त्यातून क्लबाच्या हिशेबांची चौकशी सुरू झाली आणि वेतनमर्यादेपेक्षा अधिक पैसे दिले जात असल्याचे उघड झाले. १९०६ मध्ये सतरा खेळाडूंना निलंबित करण्यात आले, त्यांना दंड झाला, क्लबालाही दंड झाला आणि या खेळाडूंना पुन्हा सिटीकडून खेळण्यास मनाई झाली.

यानंतर जे घडले ते आजच्या वादाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. मेरेडिथसह सिटीचे चार प्रमुख खेळाडू त्याच शहरातील मँचेस्टर युनायटेडकडे गेले. १९०८ मध्ये युनायटेडने आपले पहिले लीग विजेतेपद मिळविले. युनायटेडची स्थितीही फार वेगळी नव्हती. न्यूटन हीथ या नावाने चालणारा हा क्लब १९०२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. जॉन हेन्री डेव्हिस या मद्यनिर्मिती व्यावसायिकाने त्यात पैसा ओतला, क्लबाचे नामांतर झाले आणि १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड हे नवे मैदान उभे राहिले.

एका क्लबाला आर्थिक नियमभंगाबद्दल शिक्षा झाली आणि दुसरा क्लब धनिक आश्रयदात्याच्या बळावर उभा राहिला. पुढील शतकात दोन्ही क्लबांचे चाहते परस्परांवर जे आरोप करणार होते, त्या दोन्ही आरोपांची बीजे १९०२ ते १९१० या आठ वर्षांतच सापडतात. त्याच काळात, डिसेंबर १९०७ मध्ये, मेरेडिथच्या पुढाकाराने मँचेस्टरमध्येच खेळाडूंची संघटना स्थापन झाली. वेतनमर्यादेचा भंग हा क्लबाचा अपराध होता, पण ती मर्यादा हाच खेळाडूंवरील अन्याय आहे, अशी तिची भूमिका होती. नियम मोडणारा दोषी असला तरी नियम न्याय्य असतोच असे नाही, हा मुद्दा येथे प्रथम पुढे आला. शंभर वर्षांनंतर तो सिटीच्या चाहत्यांच्या युक्तिवादात पुन्हा दिसतो.

दोन क्लबांमधील संबंध सर्वकाळ वैराचे मात्र नव्हते. मार्च १९४१ मधील बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्डची मोठी हानी झाली. त्यानंतर १९४९ पर्यंत युनायटेडने आपले घरचे सामने सिटीच्या मेन रोड मैदानावर भाडे देऊन खेळले. प्रतिस्पर्ध्याची लोकप्रियता ही तेव्हा सिटीच्या उत्पन्नाची एक बाजू होती.

चौकट मोडते : १९६१ ते १९९२

१९६१ मध्ये खेळाडूंच्या संपाच्या इशाऱ्यानंतर वेतनाची कमाल मर्यादा रद्द झाली. त्या वेळी ती आठवड्याला वीस पौंड होती. १९७९ मध्ये लिव्हरपूलने हिताची कंपनीशी जर्सीवरील जाहिरातीचा करार केला आणि अव्वल क्लबांच्या जर्सीवर प्रायोजकाचे नाव येऊ लागले. १९८३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. लीगमध्ये पाहुण्या क्लबाला तिकीट-उत्पन्नातील वाटा देण्याची पद्धत बंद झाली. त्याच वर्षी टॉटनहॅम हॉटस्पर या क्लबाने एक नियंत्रक कंपनी स्थापून तिचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात विक्रीस आणले. लाभांशावरील मर्यादा क्लबाला लागू होती, नियंत्रक कंपनीला नव्हती. जुना नियम कागदावर शाबूत राहिला, पण त्याचा हेतू संपला.

१९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडही शेअर बाजारात आला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली आणि उपग्रह वाहिनीकडून मिळणाऱ्या प्रक्षेपण शुल्काने क्लबांचे अर्थकारण पालटले. प्रक्षेपणाच्या पैशातील मोठा भाग समान वाटला जाई. तिकिटांचे व व्यापारी उत्पन्न मात्र ज्याचे त्याचे राहिले. ज्या क्लबाचे मैदान मोठे, ज्याचे चाहते जगभर पसरलेले आणि ज्याचे नाव प्रायोजकांना हवेसे, तो क्लब इतरांच्या पुढे निघून गेला. हा क्लब युनायटेड होता. मे १९९९ मध्ये युनायटेडने लीग, एफए चषक आणि युरोपीय चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळविली. त्याच महिन्यात सिटी तिसऱ्या श्रेणीतून वर येण्यासाठी झगडत होता.

या काळात सिटीच्या चाहत्यांचा टीकेचा रोख व्यापारीकरणावर होता. युनायटेड हा क्लब राहिला नसून जर्सी विकणारे दुकान झाले आहे, त्याचे चाहते शहराबाहेरचे आहेत, असा त्यांचा दावा असे. येथे एक बाब नोंदविणे अगत्याचे आहे. पुढे ज्या ‘व्यापारी उत्पन्ना’च्या सत्यतेवरून सिटीवर आरोप झाले, तेच उत्पन्न १९९० च्या दशकात युनायटेडच्या अधःपाताचा पुरावा म्हणून सिटीचे चाहते दाखवीत होते. दोन दशकांनंतर युनायटेडच्या चाहत्यांना तेच उत्पन्न ‘अस्सल कमाई’ वाटू लागले.

स्वतःच्या घराकडे वळलेली दृष्टी

सप्टेंबर १९९८ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या बीस्कायबी कंपनीने युनायटेड विकत घेण्यासाठी ६२.३ कोटी पौंडांचा प्रस्ताव मांडला. युनायटेडच्याच चाहत्यांनी त्याविरुद्ध संघटित होऊन छोट्या भागधारकांची फळी उभारली आणि मक्तेदारीविषयक आयोगापुढे आपली बाजू मांडली. सामने दाखविणारी कंपनीच क्लबाची मालक झाली तर प्रक्षेपण हक्कांच्या वाटाघाटीत ती दोन्ही बाजूंना बसेल, हा आक्षेप आर्थिक स्वरूपाचा होता. एप्रिल १९९९ मध्ये सरकारने हा व्यवहार रोखला.

२००५ मध्ये मात्र चाहत्यांना अपयश आले. अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना युनायटेड ताब्यात घेतला आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भार क्लबावरच टाकला. निराश चाहत्यांपैकी काहींनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा स्वतंत्र क्लब काढला. तेथे प्रत्येक सभासदाला एक मत आहे. जानेवारी २०१० मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेसाठी ५० कोटी पौंडांचे रोखे विक्रीस आले. त्यासाठी प्रसिद्ध झालेले माहितीपत्रक चाहत्यांनी बारकाईने वाचले आणि न्यूटन हीथच्या हिरव्या व सोनेरी रंगांचे रुमाल गळ्यात घालून निषेध नोंदविला.

ताळेबंद वाचण्याची सवय चाहत्यांना कशी लागली, याचे एक उत्तर येथे आहे. ती सवय आपत्तीतून लागली. २००२ मध्ये लंडनमधील विम्बल्डन क्लबाला मिल्टन कीन्सला स्थलांतर करण्याची परवानगी मिळाली. २००४ मध्ये लीड्स युनायटेड कर्जाच्या ओझ्याखाली खालच्या श्रेणीत गेला. २०१० मध्ये पोर्ट्समथ प्रशासकाच्या हाती गेला. मैदानावरील पराभव पुढच्या मोसमात भरून निघतो, ताळेबंदातील पराभव क्लबच बुडवू शकतो, हे या घटनांनी शिकविले.

अबुधाबीचा पैसा आणि व्यापारी उत्पन्नाचा प्रश्न

२००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी सार्वजनिक निधीतून बांधलेले मैदान २००३ मध्ये मँचेस्टर सिटीला भाड्याने मिळाले. सप्टेंबर २००८ मध्ये शेख मन्सूर यांच्या अबुधाबी युनायटेड ग्रुपने हा क्लब विकत घेतला. त्या सुमारास युनायटेडचे वार्षिक उत्पन्न २५ कोटी पौंडांहून अधिक होते, तर सिटीचे दहा कोटींच्याही आत होते. २०१२ मध्ये सिटीने लीग जिंकली. २०२२-२३ च्या मोसमात तिन्ही प्रमुख विजेतेपदे मिळवून सिटीने युनायटेडच्या १९९९ मधील विक्रमाची बरोबरी केली.

त्या मोसमाचे आकडे वादाचे मर्म दाखवितात. सिटीचे एकूण उत्पन्न सुमारे ७१.३ कोटी पौंड होते, युनायटेडचे ६४.८ कोटी. सामन्यांच्या दिवशीचे उत्पन्न पाहिल्यास युनायटेड बराच पुढे होता. त्याला सुमारे १३.६ कोटी मिळाले, सिटीला ७.२ कोटी. प्रक्षेपणातून सिटीला सुमारे २९.९ कोटी व युनायटेडला २०.९ कोटी मिळाले. सिटी युरोपीय स्पर्धेचा विजेता होता आणि युनायटेड त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये नव्हता, त्यामुळे हा फरक सहज समजतो. खरा वाद उरलेल्या आकड्याचा आहे. व्यापारी उत्पन्नात सिटी सुमारे ३४.१ कोटींवर होता आणि जगभर चाहते असलेला युनायटेड ३०.३ कोटींवर.

तिकिटाचे उत्पन्न मोजता येते, कारण खुर्च्या मोजता येतात. प्रक्षेपणाचा पैसा लीग वाटते. प्रायोजकत्वाचे मूल्य मात्र दोन पक्षांच्या करारात ठरते आणि ते दोन पक्ष परस्परांशी संबंधित असतील तर मालकाचा पैसा ‘कमाई’च्या नावाखाली क्लबात येऊ शकतो. २०११ मध्ये सिटीने अबुधाबीच्या सरकारी मालकीच्या एतिहाद या विमानकंपनीशी जर्सी व मैदानाचे नाव यांविषयी दहा वर्षांचा मोठा करार केला, तेव्हापासून हा आक्षेप घेतला जाऊ लागला. क्लबांनी उत्पन्नाच्या मर्यादेत खर्च करावा, या हेतूने युएफाने नुकतेच आर्थिक नियम आणले होते आणि संबंधित पक्षांचे करार बाजारभावाने मोजले जावेत, अशी त्यांत तरतूद होती.

२०१४ मध्ये सिटीने युएफाशी तडजोड करून दंड मान्य केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मनीतील डेर श्पीगेल या साप्ताहिकाने क्लबाचा अंतर्गत पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २०२० मध्ये युएफाने सिटीवर दोन मोसमांची बंदी व तीन कोटी युरोंचा दंड लादला. जुलै २०२० मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने बंदी रद्द केली. बहुतेक आरोप सिद्ध झाले नाहीत अथवा मुदतबाह्य ठरले. चौकशीत सहकार्य न केल्याबद्दलचा दंड मात्र एक कोटी युरोंवर कायम राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने सिटीवर शंभरांहून अधिक नियमभंगांचे आरोप ठेवले. क्लबाने ते नाकारले. त्यांची सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात झाली. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तसेच मुदतबाह्य ठरणे म्हणजे निर्दोष ठरणेही नव्हे. चाहत्यांच्या वादात नेमका हाच भेद पुसला जातो. एक बाजू पहिले वाक्य विसरते, दुसरी बाजू दुसरे.

दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांची चिकित्सा

युनायटेडच्या चाहत्यांचा युक्तिवाद असा, की आमचा पैसा पिढ्यान्‌पिढ्यांच्या लोकप्रियतेतून आला, सिटीचा पैसा एका राजघराण्याच्या तिजोरीतून आला. यात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. १९०२ मधील डेव्हिस यांच्या पैशाशिवाय ती लोकप्रियता उभी राहण्यास क्लबच उरला नसता. शिवाय १९८३ मध्ये तिकीट-उत्पन्नाची वाटणी बंद झाल्याचा लाभ मोठ्या क्लबांनाच झाला. ‘अस्सल कमाई’ हीसुद्धा काही प्रमाणात नियम बदलल्याचे फळ असते.

सिटीच्या चाहत्यांचा प्रतिवाद असा, की आर्थिक नियम हे प्रस्थापित श्रीमंतांनी नवागतांसाठी लावलेले कुंपण आहे आणि आमचे मालक क्लबात पैसा घालतात, तुमचे मालक तो काढतात. याही म्हणण्यात तथ्य आहे. उत्पन्नाइतकाच खर्च करा असा नियम केला, तर आज ज्याचे उत्पन्न अधिक त्याचे वर्चस्व उद्याही टिकते. तथापि नियम अन्याय्य आहे या युक्तिवादातून नियम मोडला नाही हे सिद्ध होत नाही. मेरेडिथच्या काळीही हे दोन प्रश्न वेगळे होते आणि आजही आहेत. दुसरे असे, की राज्यसत्तेशी निगडित मालकाच्या हाती क्लब जाणे हा केवळ हिशेबाचा विषय नाही. तेथे क्लब एखाद्या देशाच्या प्रतिमेचे साधन बनतो.

दोन्ही युक्तिवादांत एक समान उणीव आढळते. दोन्ही बाजू परस्परांच्या मालकाला उत्तरदायी धरतात, स्वतःच्या मालकाचा मात्र बहुधा बचाव करतात अथवा त्याला विसरतात. या भांडणाच्या गदारोळात मँचेस्टरलगतच्या बरी या गावाची शोकांतिका झाकोळली. १८८५ मध्ये स्थापन झालेला, १९०० व १९०३ मध्ये एफए चषक जिंकलेला बरी क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक स्थैर्याचा पुरावा देऊ न शकल्याने लीगमधून काढून टाकण्यात आला. त्याच्या आदल्या वर्षी त्या क्लबाची मालकी अवघ्या एका पौंडाला हस्तांतरित झाली होती. दोन महाक्लबांचे चाहते कोट्यवधींच्या करारांवर वाद घालीत असताना शेजारच्या गावचा एकशे चौतीस वर्षांचा क्लब लीगमधून नाहीसा झाला.

महाराष्ट्राशी आलेला संबंध

हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने लँकेशायरमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. हा क्लब १८८८ च्या लीगचा संस्थापक सदस्य. पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या संपत्तीवर त्याने १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा ‘विजेतेपद विकत घेतले’ अशी टीका इतर क्लबांच्या चाहत्यांनी केली होती. नव्या मालकीत तोच क्लब २०१२ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि चाहत्यांनी मालकांविरुद्ध निदर्शने केली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात मालकांच्या कुक्कुटपालन व्यवसायावर टोमणा म्हणून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडण्यात आली. धनिक मालकाचा आशीर्वाद आणि दूरस्थ मालकाचा मनस्ताप, हे दोन्ही अनुभव एकाच क्लबाने सतरा वर्षांत घेतले.

दुसरीकडे, सिटीच्या मालकीशी निगडित सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसी या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये मुंबईने इंडियन सुपर लीग जिंकली. मँचेस्टरमध्ये जो प्रश्न शतकभर विचारला गेला तो अशा रीतीने मुंबईच्या प्रेक्षकांच्याही दारात आला.

बदल केव्हा घडला?

प्रतिस्पर्ध्याच्या ताळेबंदावरील वादातून ज्ञान निर्माण झाले, यात शंका नाही. लेखाशास्त्राचे प्राध्यापक किरन मॅग्वायर यांचे फुटबॉलच्या अर्थकारणावरील लेखन सामान्य चाहते वाचतात, हे त्याचे एक लक्षण होय. परंतु प्रत्यक्ष बदल त्या वादातून क्वचितच घडला. तो घडला तो चाहत्यांनी आपल्या क्लबाला जाब विचारला किंवा प्रतिस्पर्धी एकत्र आले तेव्हा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट जाहीर करताच त्याच क्लबाचे हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला मैदानाबाहेर पडले आणि क्लबाने निर्णय मागे घेतला. विविध क्लबांच्या चाहत्यांनी मिळून चालविलेल्या मोहिमेमुळे २०१६-१७ पासून पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटावर तीस पौंडांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली. त्यांत युनायटेड व सिटी दोघेही होते. चाहत्यांच्या उद्रेकामुळे दोन-तीन दिवसांतच सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. त्यानंतर ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या आढाव्यातून स्वतंत्र नियामकाची शिफारस पुढे आली आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनविषयक कायदा संमत झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.
१) प्रतिस्पर्धी क्लबाच्या पैशाविषयीचा वाद आधुनिक काळातील व्यापारीकरणातून जन्मलेला नाही. तो १८८४ पासून इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलचा अंगभूत भाग आहे.
२) वादाचा विषय नियमांबरोबर बदलत गेला. आधी मोबदला, मग वेतनमर्यादा, त्यानंतर मालकी व कर्ज आणि अखेरीस व्यापारी उत्पन्न असा त्याचा प्रवास दिसतो. उत्पन्नाचा जो भाग बाहेरून मोजता येत नाही, त्यावरच संशय केंद्रित होतो.
३) ‘अस्सल’ व ‘कृत्रिम’ पैसा हा भेद इतिहासात स्थिर राहिलेला नाही. एकाच शहरातील दोन्ही क्लबांनी दोन्ही भूमिका घेतल्या आहेत.
४) हिशेब वाचण्याची दृष्टी वैरातून व आपत्तीतून आली, परंतु ती फलदायी ठरली ती स्वतःच्या क्लबाकडे वळल्यावर.

शेजाऱ्याचा ताळेबंद तपासणारा चाहता प्रत्यक्षात एक मूलभूत प्रश्न विचारीत असतो. क्लब कोणाचा? ज्याने समभाग घेतले त्याचा, की ज्याचे आजोबा त्याच स्टँडमध्ये उभे राहत होते त्याचा? कायद्याच्या दृष्टीने पहिले उत्तर बरोबर आहे. परंतु बरी येथील लोकांचे जे हरपले त्याची नोंद कोणत्याही भागधारकांच्या नोंदवहीत नव्हती. या दोन उत्तरांमधील अंतर जोवर मिटत नाही तोवर हा वाद चालूच राहील आणि तो चालू राहणे इष्टही आहे. मात्र खतावणी उघडताना आधी स्वतःच्या घरची उघडावी, एवढाच धडा मँचेस्टरच्या इतिहासातून मिळतो.